दामोदर करेवा: श्रीनगरच्या धावपट्टीने पाहिलेली युद्धं

पीरपंजाल

श्रीनगरला विमान उतरायच्या आधी खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगतात आणि फोटो काढायला मनाई असते. नावाला तो शेख-उल-आलम विमानतळ, पण धावपट्टी वायुदलाची. एका बाजूला प्रवाशांची इमारत, बाकी सगळा तळ. दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं इथे उतरतात आणि तडक दल सरोवर गाठतात. आपण कोणत्या जमिनीवर पाय ठेवला हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून हा धागा काढतोय.

करेवा म्हणजे काश्मीर खोऱ्यातली, जुन्या सरोवराच्या गाळाची सपाट पठारं. हा तळ दामोदर करेव्यावर, बडगाम जिल्ह्यात आहे. उंची साधारण ५,४०० फूट. कल्हणाच्या राजतरंगिणीत या पठाराची गोष्ट आहे. भुकेल्या ब्राह्मणांना ताटकळत ठेवल्यामुळे दामोदर राजाला शाप मिळाला, तो साप झाला आणि पाण्याच्या शोधात अजून इथे धावतो. एकूण पठार किती कोरडं, ते यावरून कळावं.

१९४७ साली इथे होती ती एक कच्ची पट्टी. महाराजा हरिसिंगांची लहान विमानं उतरायची, तेवढाच तिचा उपयोग. डांबर नाही, दिवे नाहीत, दिशादर्शक यंत्रणा नाही, इंधनाची सोय नाही. २२ ऑक्टोबरला पाकिस्तानच्या बाजूने आलेले पठाण टोळीवाले मुजफ्फराबादेत घुसले. ब्रिगेडियर राजिंदर सिंगांनी मूठभर सैनिकांनिशी उरीजवळचा पूल उडवून त्यांना अडवून धरलं आणि त्यातच प्राण दिला. मोहुरा वीजकेंद्र पडलं आणि श्रीनगर अंधारात गेलं. २६ तारखेला काश्मीरच्या भारतातल्या विलीनीकरणावर सही झाली. २७ च्या पहाटे दिल्लीहून डकोटा, म्हणजे वाहतुकीची विमानं, उडाले. त्यांत होती पहिली शीख पलटण, लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या हाताखाली. हीच पलटण तोवर गुडगावला होती, फाळणीच्या धामधुमीत बंदोबस्त करत.

रायना मिळालेला हुकूम वाचला की अंगावर काटा येतो. आधी धावपट्टीवर घिरट्या घाला. ती शत्रूच्या हाती गेलेली दिसली तर उतरू नका, जम्मूकडे वळा. म्हणजे दिल्लीत बसलेल्या कुणालाही खात्री नव्हती की विमानं उतरतील तेव्हा खाली कोण उभं असेल. सकाळी साडेनऊच्या सुमारास पहिलं चाक टेकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे ही गोष्ट डकोटांपाशी सुरू होते आणि डकोटांपाशीच संपते. वैमानिकांचं श्रेय मोठंच आहे, पण विमानं पुढचे कित्येक दिवस उतरत राहिली, ती पट्टीच्या बाहेर, गावांच्या शिवारात आणि बारामुल्ल्याच्या रस्त्यावर माणसं उभी राहिली म्हणून. ज्यांना यातलं जास्त माहीत आहे त्यांनी जरूर लिहावं. बडगामबद्दल मी खाली वेगळं लिहितो.

रानवाट

छान सुरुवात. एक बाळबोध शंका. रस्त्याने सैन्य पाठवता आलं नसतं का? विमानांवरच एवढी भिस्त का?

पीरपंजाल

@रानवाट, शंका बाळबोध अजिबात नाही, सगळ्याचं मूळ तिथेच आहे. त्या काळी खोऱ्यात जाणारा मुख्य, बारमाही रस्ता रावळपिंडीहून मुजफ्फराबाद, उरी, बारामुल्ला असा होता. फाळणीनंतर त्याचं तोंड पाकिस्तानात गेलं आणि त्याच रस्त्याने टोळीवाले आले. आपल्या बाजूने उरला जम्मूहून बनिहाल खिंडीतून जाणारा गाडीरस्ता. तो अरुंद, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारा. जवाहर बोगदा पुष्कळ नंतरचा. सातव्या लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या याच रस्त्याने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कशाबशा श्रीनगरला पोचल्या. तोवर जे काही आलं ते, माणूस असो वा काडतूस, या पट्टीवरच उतरलं.

बारामुल्ला ते श्रीनगर अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. टोळीवाले ट्रकमध्ये होते. ते बारामुल्ल्यात लुटालूट करत रेंगाळले नसते तर काय झालं असतं याचा विचार करा.

अनुराधा_न

बारामुल्ल्याचा विषय निघालाच आहे तर मकबूल शेरवानीचं नाव आलंच पाहिजे. एकोणीस वर्षांचा पोरगा, नॅशनल कॉन्फरन्सचा कार्यकर्ता. टोळीवाल्यांनी विमानतळाची वाट विचारली तर त्याने त्यांना भलत्या वाटेला लावलं आणि भारतीय फौज जवळ येऊन ठेपल्याची हूल उठवली. हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याला भर बारामुल्ल्यात हाल करून मारलं. काही दिवसांतच आपलं सैन्य बारामुल्ल्यात शिरलं.

मला वाटतं धाग्याच्या मूळ मुद्द्यात हे चपखल बसतं. पट्टी राखणाऱ्यांत गणवेश नसलेली माणसंही होती. शाळेच्या पुस्तकात मला हे नाव कधी भेटलं नाही, आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पीरपंजाल

@अनुराधा_न, तुमचे आभार, हे यायलाच हवं होतं. आता बडगाम.

कर्नल राय आल्या दिवशीच बारामुल्ल्याच्या दिशेने पुढे गेले. शत्रूला शहरापासून जितकं लांब अडवता येईल तितकं अडवायचं, हा त्यांचा हिशेब. समोर संख्या आणि शस्त्रं दोन्ही कितीतरी जास्त. तिथल्या लढाईतच ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर महावीर चक्र. पलटण पट्टणला मागे आली आणि तिने तिथे मोर्चा धरला.

टोळीवाल्यांचा सरळ रस्ता अडला म्हणून त्यांनी वाकडी वाट धरली, गुलमर्गच्या बाजूने बडगामकडे. बडगामहून धावपट्टी हाकेच्या अंतरावर, अवघे काही किलोमीटर. १६१ ब्रिगेडची सूत्रं नुकतीच ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्याकडे आली होती. त्यांनी ३ नोव्हेंबरला बडगामच्या बाजूला गस्ती तुकड्या धाडल्या. त्यांत चौथ्या कुमाऊँ पलटणीची डी कंपनी होती, मेजर सोमनाथ शर्मा यांची.

शर्मांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. हॉकी खेळताना मोडलेला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण कंपनी निघाली म्हटल्यावर ते हट्टाने बरोबर आले. दुपारपर्यंत गावात सगळं शांत दिसलं, म्हणून बाकीच्या तुकड्या परतल्या. शर्मांची कंपनी मात्र थांबली. अडीचच्या सुमारास गावातल्या घरांतून गोळ्या येऊ लागल्या आणि पाठोपाठ शेकडो टोळीवाले तीन बाजूंनी चालून आले. शर्मांच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात प्रमाण दिलंय, एकास सात.

मानपत्रातल्या दोन गोष्टींपाशी मी दर वेळी थांबतो. पहिली अशी की उघड्यावर, शत्रूच्या डोळ्यांदेखत, शर्मा कापडी पट्ट्या अंथरत होते. वरून जाणाऱ्या आपल्या विमानांना मारा कुठे करायचा ते कळावं म्हणून. दुसरी अशी की मशिनगनवरचे जवान एकामागून एक पडायला लागले तेव्हा ते स्वतः मॅगझिनमध्ये गोळ्या भरून गनर्सना नेऊन देत होते. लाइट मशिनगनचं मॅगझिन दोन धड हातांनी भरतानासुद्धा स्प्रिंगचा जोर अंगठ्याला जाणवतो. इथे एक हात प्लास्टरमध्ये.

ब्रिगेडला त्यांचा शेवटचा निरोप गेला. शत्रू पन्नास यार्डांवर आहे, आम्ही संख्येने फार कमी आहोत, पण मी एक इंचही मागे हटणार नाही, शेवटचा माणूस आणि शेवटची गोळी असेपर्यंत लढेन. त्यानंतर उखळी तोफेचा गोळा शेजारच्या दारूगोळ्यावर पडला. शर्मा, एक जेसीओ (सुभेदार-जमादार दर्जाचा अधिकारी) आणि वीस जवान गेले. पण ज्या तासांत टोळीवाल्यांना धावपट्टी गाठायची होती ते तास बडगामच्या शेतांत खर्ची पडले, आणि तेवढ्यात आणखी कुमक उतरली.

७ नोव्हेंबरला श्रीनगरजवळच्या शालटेंगला चिलखती गाड्या, पायदळ आणि वरून टेम्पेस्ट विमानं यांनी मिळून टोळीवाल्यांचा कणा मोडला. ८ तारखेला बारामुल्ला परत आलं.

तोफखाना

बडगामबद्दल उत्तम लिहिलंय. एक भर घालतो. शर्मांना मिळालेलं परमवीर चक्र हे देशातलं पहिलं. हे पदक १९५० च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालं, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरलं गेलं. त्याचा आराखडा केला सावित्रीबाई खानोलकरांनी. मूळच्या स्वित्झर्लंडच्या ईव्ह इव्हॉन मादाय, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडच्या झालेल्या. संस्कृत आणि पुराणं त्यांनी इतकी आत्मसात केली होती की मेजर जनरल हिरालाल अटलांनी पदकाचं काम थेट त्यांच्याकडे सोपवलं. त्यांनी त्यावर इंद्राचं वज्र घेतलं, दधीची ऋषींच्या अस्थींचं.

आणि हे पहिलं पदक ज्याला मिळालं ते सोमनाथ शर्मा खानोलकरांच्या थोरल्या मुलीचे दीर होते. असं काही कुणी ठरवून घडवू शकत नाही.

रानवाट

@तोफखाना, सावित्रीबाईंचं माहीत होतं, दिराचं नातं आजच कळलं.

१९४८ मध्ये या तळाचं काय काम होतं? युद्ध तर पुढे वर्षभर चाललं ना?

पीरपंजाल

हो, १ जानेवारी १९४९ च्या शस्त्रसंधीपर्यंत. १९४८ च्या उन्हाळ्यात हाच तळ लेहच्या बचावाचं उड्डाणस्थान झाला. लेहला पट्टी नव्हतीच, ती लडाखचे अभियंते सोनम नोर्बू यांनी सिंधूकाठच्या वाळवंटात माणसं लावून काढली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहेर सिंगांनी तिथे पहिला डकोटा उतरवला, शेजारी मेजर जनरल थिमय्या. ना नकाशे धड, ना केबिनमध्ये दाब राखायची सोय. झोजी ला, फोटू ला या खिंडी ओलांडून जायचं, पर्वतरांगा विमानाच्या आरामाच्या उंचीपेक्षा वर. लेहवर एक स्वतंत्र धागा होईल इतका ऐवज आहे, इथे एवढंच.

शिशिर_पौष

थेट १९७१ वर उडी मारू नका, मध्ये १९६५ आहे. ऑपरेशन जिब्राल्टर, म्हणजे काश्मीरात घुसखोर पाठवायची पाकिस्तानी मोहीम, तिच्या योजनेतच श्रीनगरचा विमानतळ आणि रेडिओ केंद्र होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घुसखोर साध्या वेशात आत यायचे, पीर दस्तगीरच्या उरुसाच्या गर्दीत मिसळायचे, आणि मग ही ठिकाणं ताब्यात घेऊन बंडाची घोषणा करायची, असा बेत. पण तंगमर्गच्या बाजूला त्यांनी एका गुज्जर गुराख्याला पैसे देऊन माहिती विचारली आणि तो थेट पोलिसांकडे गेला. बेत फुटला. घुसखोरांना हवं असलेलं बंड झालंच नाही.

शेरवानीनंतर अठरा वर्षांनी पुन्हा तेच. स्थानिक माणसाने सैन्याच्या आधी पट्टी वाचवली. @पीरपंजाल, तुमच्या मुद्द्याला हा माझ्याकडून दुजोरा.

जुना_एअरमन

१९७१ वर मी लिहितो. जमिनीवरच्या तांत्रिक कामात माझं आयुष्य गेलं, नॅट हे छोटं लढाऊ जेट विमान मी जवळून हाताळलंय, म्हणून थोडं विस्ताराने.

शस्त्रसंधीच्या काळापासूनच्या बंधनामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं कायम ठेवलेली नसत. युद्ध सुरू झालं तेव्हा १८ व्या स्क्वॉड्रनची नॅटची तुकडी अंबाल्याहून तिथे आली. तिचे वैमानिक या खोऱ्याला, इथल्या डिसेंबरच्या थंडीला आणि धुक्याला नवे. चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे खालून येणारं विमान रडारला वेळेवर दिसत नाही. टेकड्यांवरच्या निरीक्षण चौक्यांनी डोळ्यांनी पाहून कळवायचं, आणि तोवर विमान जवळजवळ डोक्यावर आलेलं असतं.

१४ डिसेंबरला सकाळी पेशावरहून पाकिस्तानी वायुदलाचे सहा सेबर (लढाऊ जेट) आले. चार बॉम्ब घेऊन, दोन राखणीला. तळावर तयारीत होते दोन नॅट. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, मागे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. घुम्मन उडाले तशी पट्टीवर धूळ उसळली आणि सेखोंना काही क्षण थांबावं लागलं. पट्टी दिसेपर्यंत सेबर डोक्यावर होते आणि बॉम्ब पडू लागले होते. त्याही स्थितीत सेखोंनी उड्डाण केलं.

हे वाक्य आपण भराभर वाचून जातो. विमान सर्वांत असहाय असतं ते धावपट्टीवर वेग घेताना. वळता येत नाही, गोळ्या झाडता येत नाहीत, वैमानिक फक्त सरळ जाऊ शकतो. बाजूला बॉम्ब फुटताहेत, पट्टीवर खड्डा पडला तर पुढचं चाक त्यात जाणार. थांबून खंदकात उडी घेतली असती तर कुणी बोल लावला नसता.

वर गेल्यावर घुम्मन आणि त्यांची चुकामूक झाली. धुक्यात जोडीदार दिसेना. म्हणजे एक नॅट आणि सहा सेबर. सेखोंनी बॉम्ब टाकून निघालेल्या सेबरांची पाठ धरली. नॅट आकाराने इतकं लहान की जमिनीवर उभं राहून त्याच्या बहुतेक भागांना हात पोचतो. वळायला चपळ, दोन ३० मिलिमीटरच्या तोफा. सेबरला सहा मशिनगन. झाडांच्या उंचीवर गोल गोल पाठलाग चालला. नियंत्रण मनोऱ्यात स्क्वॉड्रन लीडर पठानिया होते, ज्यांनी स्वतः १९६५ मध्ये नॅटवरून सेबर पाडला होता. त्यांनी रेडिओवर सेखोंचा आवाज ऐकला. मी दोघांच्या मागे आहे, सोडणार नाही. थोड्या वेळाने, मला लागलंय वाटतं, घुम्मन, तुम्ही या.

अनुराधा_न

@जुना_एअरमन, वाचताना श्वास रोखून धरला होता. विमानाला गोळ्या लागल्यानंतर नेमकं काय झालं? काही ठिकाणी वाचलं की ते थोडा वेळ सरळ उडत होतं. मग पडलं कसं?

जुना_एअरमन

हो. पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार धूर सोडत ते थोडा वेळ पंख समतल ठेवून गेलं, मग उलटं झालं आणि खाली गेलं. नियंत्रण यंत्रणा निकामी झाली असावी, असंच सगळे मानतात.

नॅटची शेपटी, म्हणजे मागची आडवी पातळी, हायड्रॉलिक दाबावर हलते. विमानाचं नाक वर-खाली होतं ते तिच्यामुळे. नॅटच्या सगळ्या कारकिर्दीत या व्यवस्थेने त्रास दिलाय, शांततेच्या काळातसुद्धा. दाब गेला तर वैमानिकाने हाताने चालणाऱ्या पर्यायावर यायचं असतं, त्याला उंची लागते आणि वेळ लागतो. सेखोंकडे दोन्ही नव्हतं. शेवटच्या क्षणी कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) उडालेली दिसली, म्हणजे त्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला होता. पॅराशूट उघडायला उंची पुरली नाही. श्रीनगर शहराकडून तळाकडे येणाऱ्या रस्त्याजवळच्या घळीत विमान पडलं. शोध बराच झाला, पण देह मिळाला नाही. वायुदलाला मिळालेलं हे आजवरचं एकमेव परमवीर चक्र.

तोफखाना

एक विचारतो, राग मानू नका. मानपत्रात एका सेबरवर मारा अचूक बसला आणि दुसऱ्याला आग लागली असं आहे. पाकिस्तानी बाजू त्या दिवशी सेबर पडल्याचं मान्य करत नाही. आपण काय धरायचं?

जुना_एअरमन

रागावण्यासारखं काही नाही, विचारायलाच हवं. दाबात असलेलं, धूर सोडणारं विमान डोंगराआड गेलं तर खालच्या माणसाला ते पडलंसं वाटतं. जगातल्या सगळ्या हवाई लढायांत असंच होत आलंय. विमानाला मार बसणं आणि विमान पडणं यांत फरक आहे, आणि मानपत्राचे शब्दही मार बसल्याचे आणि पेटल्याचे आहेत.

माझ्या लेखी सेखोंचं मोठेपण आकड्यावर ठरत नाही. ज्यांच्या गोळ्यांनी ते पडले त्या सलीम बेग मिर्झांनी पुढे त्या झुंजीवर लिहिलं आणि सेखोंच्या लढण्याची मोकळेपणाने तारीफ केली. समोरून लढलेल्या माणसाची साक्ष मला कोणत्याही मोजदादीपेक्षा मोठी वाटते.

शिशिर_पौष

पटलं. १९४७ मध्ये बडगामला शर्मा आणि १९७१ मध्ये त्याच आसमंतात सेखों, एकाच पट्टीच्या दोन बाजूंना चोवीस वर्षांच्या अंतराने दोन परमवीर चक्रं. २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली तेव्हा त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटाला सोमनाथ शर्मांचं नाव मिळालं, सेखोंच्या नावाचंही एक बेट आहे. पण खुद्द या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला हे दोघं ठळकपणे भेटायला हवेत. सामान यायची वाट पाहत माणसं पट्ट्यापाशी उभी असतात, तिथे भिंतीवर चार ओळी असाव्यात, असं मला फार वाटतं.

रानवाट

+१. पुढच्या उन्हाळ्यात घरच्यांसोबत जायचं आहे, मुलांना आधी हा धागा वाचून दाखवणार.

शेवटची शंका. कारगिलच्या वेळी या तळाचा वापर झाला का? उंचीचा त्रास तेव्हाही असेलच.

जुना_एअरमन

झाला. २६ मे १९९९ ला वायुदलाची सफेद सागर मोहीम सुरू झाली त्यात श्रीनगर हा आघाडीचा तळ होता, मिग-२१ आणि हेलिकॉप्टर तिथून उडत होती. उंचीचा त्रास तेव्हा दुहेरी. तळ ५,४०० फुटांवर, म्हणजे हवा विरळ, जेटलाही लांब धाव लागते आणि भार कमी घ्यावा लागतो. तिथून उडून लक्ष्यं सोळा-सतरा हजार फुटांवर. तोफा, रॉकेटं, बॉम्ब यांचे सगळे ठोकताळे सपाट प्रदेशातल्या दाट हवेसाठी बांधलेले असतात. विरळ हवेत बॉम्ब वेगळ्या रेषेने जातो, आणि कड्यावर पाच-दहा मीटरची चूक म्हणजे बॉम्ब पलीकडच्या दरीत. त्यात नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा सक्त हुकूम, म्हणजे वळायला जागा कमी. पहिल्या काही दिवसांत दोन मिग आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावल्यावर पद्धती बदलल्या, उंचावरून मारा सुरू झाला.

त्यात जमिनीवरच्या माणसांनी केलेली कामं कुठे फारशी लिहिली गेलेली नाहीत. त्या उंचीवर टायर लवकर झिजतात, ब्रेक तापतात, विमान परतलं की हात लावायच्या आधी ते निवू द्यावं लागतं. कुणी त्या वेळी श्रीनगरच्या तळावर असेल तर त्यांनी इथे लिहावं, माझ्यासाठी ते वाचणं फार मोलाचं असेल.